कार्ल्सबर्ग रिजखालचं कवच मोजायचं असेल तर आधी खोली तपासा

गोवा विद्यापीठात, ताळगाव पठारावर, एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या कामात अडकून प्रश्न विचारला आहे. कार्ल्सबर्ग रिज ही अरबी समुद्राखालची पर्वतरांग, जिथे समुद्रतळ दोन्ही बाजूंना पसरतो; तिच्या एका तुकड्यासाठी या मुलीने उपग्रहांवरून काढलेलं गुरुत्व आणि गेब्को या जागतिक नकाशातली समुद्रतळाची खोली, दोन्ही मोफत उतरवून घेतलं. त्यावरून मॅन्टल बूगे विसंगती (ती काय ते पुढे येतंच) काढली आणि तिच्यातून कवचाच्या, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या खडकाळ थराच्या, जाडीचा नकाशा केला. नकाशात काही अरुंद पट्ट्यांत जाडी २ ते १० किमीच्या दरम्यान वरखाली होते आणि मधल्या मोठ्या भागात जवळपास सपाट ६ किमी येते. तिचे प्रश्न तीन. यातलं खरं काय? जहाजावर मोजलेलं गुरुत्व मिळाल्याशिवाय हे काम करूच नये का? आणि कवचाची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) २.७ धरावी की २.८, कारण मार्गदर्शक एक सांगतात आणि पेपरात दुसरंच असतं.

आधी उत्तर सांगून टाकतो. ते सपाट ६ किमी म्हणजे तुम्हीच गणितात घातलेलं ६ किमी परत बाहेर आलेलं आहे, त्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका. पट्ट्यांमधल्या वरखाली होण्यात खरं काहीतरी आहे, पण २ आणि १० ही टोकं तशीच्या तशी मानू नका. जहाजाचं गुरुत्व नसलं तरी तुमचं काम अडत नाही. जहाजाने मोजलेली खोली नसेल तर मात्र अडतं. घनतेचा वाद सर्वांत शेवटी घेऊ, कारण त्याहून मोठी माणसं दारात उभी आहेत.

हे सगळं गणित वजाबाकीचं आहे. समुद्रसपाटीला गुरुत्व साधारण ९,८०,००० मिलिगॅल (गुरुत्वाचं बारीक एकक) असतं. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ते सुमारे ५,२०० मिलिगॅलने वाढतं, पण ती वाढ सूत्राने ठाऊक असते, म्हणून आधीच वजा होते. उरते ती फ्री-एअर विसंगती. रिजच्या आसपास ती बहुधा काही दहा मिलिगॅलांची असते. भोवतालच्या सपाट तळापेक्षा दोन-तीन किलोमीटर उंच उठलेली एवढी प्रचंड पर्वतरांग, आणि गुरुत्वात तिची दखल इतकीच, कारण तिच्याखालचा तप्त, हलका मॅन्टल, म्हणजे कवचाच्या खालचा थर, तिचं ओझं पेलून धरतो. म्हणून फ्री-एअर नकाशा पाहून कवचाबद्दल काही बोलता येत नाही. पाण्याच्या आणि खडकाच्या सीमेचा परिणाम काढायचा. मग सगळीकडे ६ किमी जाडीचं कवच आहे असं धरून त्याच्या बुडाचा, म्हणजे मोहोचा परिणाम काढायचा. यानंतर जे उरतं ती मॅन्टल बूगे विसंगती. कवच खरोखरच सगळीकडे ६ किमी असतं आणि मॅन्टल एकसारखा असता, तर उरलं असतं शून्य. जिथे कवच जाड, तिथे जड मॅन्टलच्या जागी हलका खडक येतो आणि आकडा ऋण होतो. जिथे पातळ, तिथे धन.

आता या दोन वजाबाक्यांचं वजन बघा. पाण्याची घनता १.०३, कवचाची समजा २.७. एक किलोमीटर पाण्याच्या जागी एक किलोमीटर खडक ठेवला तर रुंद थराच्या हिशोबाने ७० मिलिगॅलचा फरक पडतो. कवच आणि मॅन्टल यांच्या घनतेत ०.५ चा फरक धरला, तर एक किलोमीटर मॅन्टलच्या जागी कवच आल्याने फरक पडतो फक्त २१ मिलिगॅलचा. वर समुद्रतळ आपल्याला जवळ आणि मोहो लांब. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा त्याचा आवाज बारीक, आणि जे बाजूला काढायचं ते कानाशी ओरडतं आहे. खोलीत ३०० मीटरची चूक झाली की २१ मिलिगॅल चुकले, म्हणजे कवचाच्या जाडीत एक किलोमीटरचा घोळ. रिजच्या मधल्या दरीच्या भिंती काही किलोमीटरांच्या अंतरात हजारभर मीटर उतरतात. तिथे न मोजलेल्या जागी ३०० मीटर इकडेतिकडे होणं मुळीच कठीण नाही.

तुमच्या सपाट ६ किमीचं मूळ इथे आहे. गेब्कोचा जाळीदार नकाशा १५ आर्क-सेकंदांचा, म्हणजे साधारण साडेचारशे मीटरच्या चौकटींचा आहे, म्हणून तो पडद्यावर फार तपशीलवार दिसतो. पण जगाच्या समुद्रतळापैकी प्रत्यक्ष मोजलेला भाग चतुर्थांशाहून थोडाच जास्त आहे. उरलेल्या भागात खोली भरलेली आहे ती प्रामुख्याने उपग्रहाच्या गुरुत्वावरून अंदाज बांधून. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजतो. पाण्याखालचा डोंगर आपल्याकडे पाणी ओढून घेतो, त्यामुळे वर समुद्राला बारीकसा फुगवटा येतो. दोन किलोमीटर उंचीच्या सागरी डोंगरावर तो साधारण दोन मीटरचा असतो. पृष्ठभागाच्या उतारावरून गुरुत्व काढतात आणि गुरुत्वावरून, आजूबाजूच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून, खोली.

म्हणजे तुम्ही काय केलंत? उपग्रहाच्या गुरुत्वातून उपग्रहाच्याच गुरुत्वापासून बनवलेली खोली वजा केलीत. समजा रिजच्या एखाद्या खंडाखाली, म्हणजे भ्रंशांमधल्या एका सलग तुकड्याखाली, कवच खरंच ८ किमी आहे. तिथे गुरुत्व कमी भरणार. अंदाज बांधणाऱ्या पद्धतीला वाटतं, गुरुत्व कमी म्हणजे तळ खोल, आणि ती तळ खऱ्यापेक्षा खोल दाखवते. तुम्ही त्या खोट्या खोलीचा परिणाम काढता, आणि जाड कवचाची खूण तिच्याबरोबर वाहून जाते. मागे उरतं जवळपास शून्य, आणि नकाशा सांगतो, ६ किमी. चोरालाच पंचनाम्याला बसवल्यावर दुसरं काय निघणार! पट्ट्यांत मात्र कधीतरी जहाज गेलं होतं. तिथली खोली स्वतंत्र आहे, म्हणून तिथे कवच ‘नाचतं’.

हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. गेब्को खोलीच्या जाळीबरोबर दुसरी एक जाळी देतं. तिला टीआयडी म्हणतात. प्रत्येक चौकटीतली खोली कशी आली याचा सांकेतिक आकडा त्यात असतो. ११ म्हणजे मल्टीबीम (जहाजावरून अनेक ध्वनिकिरणांनी रुंद पट्टा मोजणं), १० म्हणजे एकेरी किरणाचा इको साउंडर, ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्वावरून बांधलेला अंदाज, ४१ म्हणजे संगणकाने मधल्या मध्ये भरलेलं. ती जाळी तुमच्या जाडीच्या नकाशावर पारदर्शक करून ठेवा. माझी खात्री आहे की सपाट भाग आणि ४० आकड्याचा भाग एकमेकांवर बसतील. जिथे ११ संपतो आणि ४० सुरू होतो तिथे खोलीत पायरी पडलेली असते. ती पायरी खालपर्यंत उतरवताना मोहोमध्ये कृत्रिम कडा उभ्या करते, आणि तुमच्या २ व १० किमीपैकी काही आकडे पट्ट्यांच्या काठांवर असतील तर ते तिचेच. काठापासून आत वीसेक किलोमीटर सोडून बघा, टोकं मऊ झालेली दिसतील.

दुसरा प्रश्न जहाजाच्या गुरुत्वाचा. यात भावनेचा भाग आहे हे मान्य करतो. मुरगाव बंदरातून जहाज सुटतं तेव्हा ग्रॅव्हिमीटरजवळ उभं राहणं मला आजही आवडतं. पण तुमच्या कामाला त्याची गरज किती, हे आकड्यांनी ठरवू.

ग्रॅव्हिमीटर म्हणजे एका स्प्रिंगला टांगलेलं वजन. स्प्रिंग आणि वजन तापमान स्थिर ठेवलेल्या पेटीत असतात, पेटी जायरोवर तोललेल्या टेबलावर असते, आणि सगळं मिळून जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीजवळ, जिथे हेलकावा सर्वांत कमी तिथे. तरीही हेलकावा केवढा? मध्यापासून एक मीटर वर आणि एक मीटर खाली, आठ सेकंदांची लाट धरा. तिचं त्वरण होतं साठ हजार मिलिगॅलांहून जास्त. त्यातून एक मिलिगॅल वेचून काढायचा आहे. लाट वर जाते तशी खाली येते म्हणूनच हे जमतं. काही मिनिटांची सरासरी घेतली की लाट स्वतःच स्वतःला खोडते. किंमत एवढीच की दहा नॉट वेगाने पाच मिनिटांत जहाज दीड किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि त्याहून बारीक तपशील पुसला जातो. व्हेनिंग माइनेस या डच शास्त्रज्ञाने १९२३ पासून पाणबुड्यांत लंबक नेऊन गुरुत्व मोजलं ते याच लाटेपासून पळण्यासाठी. खाली गेलं की लाट विरते.

त्याहून कपटी भाग दिशेचा. पूर्वेकडे निघालेलं जहाज पृथ्वीच्या फिरण्यात आपला वेग मिळवतं, त्यामुळे ते किंचित हलकं होतं. पश्चिमेकडे जाताना जड. हंगेरीच्या एट्वश यांनी हे ओळखलं आणि १९०८ मध्ये काळ्या समुद्रात एक जहाज पूर्वेला, एक पश्चिमेला पाठवून सिद्ध करून घेतलं. विषुववृत्ताजवळ एका नॉटला ७.५ मिलिगॅल. दहा नॉटने पूर्वेला गेलात तर ७५ कमी, त्याच रेषेवरून परत आलात तर ७५ जास्त, म्हणजे एकाच जागी दोन मोजण्यांत १५० चा फरक. कार्ल्सबर्ग रिज वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, तिला काटकोनात छेदायचं तर नैर्ऋत्य-ईशान्य अशा रेषा घ्याव्या लागतात, आणि त्यांवर ही दुरुस्ती दहा नॉटला ५३ मिलिगॅल येते. जहाजाचं तोंड कुठे आहे हे इथे उपयोगाचं नाही. प्रवाहाने ढकलल्यावर ते जमिनीच्या हिशोबाने खरं कुठे चाललं आहे ते लागतं. उत्तरेकडे सरळ जाताना प्रवाहाने मार्ग एक अंश पूर्वेला वळवला तरी १.३ मिलिगॅलची चूक. जीपीएस असताना हे सुटतं. त्याआधीच्या सफरींत दोन उपग्रह-स्थानांमधला वेग अंदाजाने धरलेला असे, म्हणून जुन्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे जुळत नाहीत. तुम्हाला कुणी जुनी जहाजी आकडेवारी दिली तर आधी छेदबिंदू बघा, आणि जहाज वळतानाचे आकडे फेकून द्या.

आणि सफरीच्या दोन्ही टोकांना बंदरात गाठ बांधायची असते, हे पेपरात एका ओळीत येतं म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. जहाजावरचं यंत्र फक्त फरक सांगतं, खरं मूल्य नाही. म्हणून ज्ञात मूल्याच्या ठिकाणावरून जमिनीवर वापरायचा छोटा ग्रॅव्हिमीटर गाडीतून धक्क्यावर आणतात. तिपाईवर तो तोलायचा, बाजूने ट्रक गेला की काटा थरथरतो, तो थांबेपर्यंत थांबायचं, परत वाचन घ्यायचं. मग टेप सोडून धक्क्यापासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि वेळ लिहायची, कारण भरती-ओहोटीने जहाज वरखाली होत असतं आणि एक मीटर उंचीला ०.३ मिलिगॅल जातात. परत आल्यावर हेच सगळं पुन्हा. मधल्या काळात स्प्रिंग किती सरकली ते या दोन वाचनांच्या फरकातून निघतं. ही गाठ सुटलेली सफर म्हणजे अख्खी रेषा वर की खाली याचा पत्ता नाही.

एवढं सोसून जहाजाला मिळतं काय? बारीक तपशील. उपग्रहांचं गुरुत्व आज चांगलं आहे. जिओसॅट या अमेरिकी नौदलाच्या उपग्रहाची गुप्त माहिती १९९५ मध्ये खुली झाली, ईआरएस-१ ची तिच्यात मिसळली आणि १९९७ मध्ये जगभराच्या समुद्राचा पहिला खरा उपयोगी नकाशा आला. २०१४ च्या सुमारास क्रायोसॅट-२ आणि जेसन-१ मुळे चूक दोन मिलिगॅलांच्या आसपास उतरली. एक मिलिगॅल म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाला एका किलोमीटरमागे एक मिलिमीटर उतार. अंतराळातून हे मोजतात याचं मला अजून नवल वाटतं. तरी दहा-पंधरा किलोमीटरांहून अरुंद गोष्टी उपग्रहाला धूसर दिसतात आणि जहाजाला त्या दिसतात.

पण मोहो अरुंद गोष्टी दाखवतो का? रिजवर तीन किलोमीटर पाणी आणि सहा किलोमीटर कवच, म्हणजे मोहो नऊ किलोमीटर खाली. तिथल्या २० किमी तरंगलांबीच्या उंचसखलपणाची खूण पृष्ठभागावर येईपर्यंत फक्त सहा टक्के उरते. ४० किमीची चोवीस टक्के, ६० किमीची सुमारे एकोणचाळीस टक्के. म्हणजे जहाजाचा जास्तीचा तपशील मोहोबद्दल काहीच सांगत नाही. तो कवचाच्या वरच्या भागाबद्दल सांगतो, आणि तुमचा विषय तो नाही. उलट, मोहोपर्यंत विसंगती खाली उतरवताना २० किमीवरची प्रत्येक चूक सोळा-सतरा पटीने फुगते. म्हणून २५ ते ३५ किमीच्या दरम्यान हळूहळू मिटत जाणारा गाळणीपट्टा लावतात, म्हणजे त्याहून अरुंद चढउतार गणितातून काढून टाकतात. तुम्ही पाठवलेल्या पानात गाळणीचा उल्लेखच नाही. २ आणि १० किमीला निम्मं जबाबदार हे गाळणी नसणंच, असा माझा कयास.

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: गुरुत्व उपग्रहाचं घ्या, खोली मल्टीबीमची घ्या. जहाज लागतं ते खोलीसाठी.

आता ती मोठी माणसं, म्हणजे घनतेहून मोठ्या अडचणी. पहिलं, उष्णता. रिजपासून लांब जावं तसा मॅन्टल थंड आणि जड होत जातो. सरळ थंड होणाऱ्या तळाचं गणित केलं तर एक कोटी वर्षांच्या तळाखाली ही वाढ १०० मिलिगॅलच्या घरात येते. कार्ल्सबर्ग रिज वर्षाला दोन्ही बाजू मिळून साधारण २२ ते ३२ मिलिमीटरने पसरते, तेव्हा एक कोटी वर्षं म्हणजे मध्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. उष्णतेची दुरुस्ती न करता जाडी काढलीत तर १०० मिलिगॅल कवचाच्या खात्यावर पडतात आणि नकाशात कवच दोन्ही बाजूंना पातळ होत होत जवळजवळ संपतं. तुमच्या नकाशात मध्यापासून लांब जाडी कमी होते का, ते पाहा. म्हणून उष्णतेचं प्रारूप वजा करून उरलेली, अवशिष्ट विसंगती वापरतात. तिथेही फसगत आहे. शंभर किलोमीटर जाडीच्या मॅन्टलमध्ये १०० अंश सेल्सियसचा फरक असेल तर घनता जेमतेम ०.०१ ने बदलते, पण खोली मोठी असल्याने परिणाम होतो ४२ मिलिगॅल, म्हणजे कवचाच्या दोन किलोमीटरांइतका. लांबच्या पल्ल्यावर गरम मॅन्टल आणि जाड कवच गुरुत्वाला सारखेच दिसतात. त्यात गंमत अशी की गरम मॅन्टल जास्त वितळतो आणि जाड कवचच तयार करतो, त्यामुळे दोन्ही बहुधा एकत्रच येतात. पण कुणाचा वाटा किती, हे गुरुत्व एकटं सांगू शकत नाही.

दुसरं, श्रीलंकेच्या दक्षिणेचा खड्डा. तिथे समुद्राचा पृष्ठभाग आदर्श लंबगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे, जगातला सर्वांत मोठा. त्याचं कारण खोल मॅन्टलमध्ये आहे, पण त्याची लांबट उतरण आपल्या भागातही येते. शेकडो किलोमीटरांचा हा कल काढल्याशिवाय खंडाखंडांची तुलना करू नका. आणि तुमच्या अभ्यासाची चौकट रिजच्या उत्तरेला फार पसरली असेल तर सिंधूच्या गाळाचा पंखा आड येतो. एक किलोमीटर गाळ खडक समजून मोजला तर ३० मिलिगॅल चुकतात. सोपा उपाय म्हणजे चौकट लहान करा.

या नावाबद्दल एक. गोव्यात कार्ल्सबर्ग म्हटलं की लोक बिअर समजतात, आणि ते बरोबरच आहे. डॅनिश जहाज ‘डाना’ची १९२८-३० ची सफर कार्ल्सबर्ग फाउंडेशनच्या पैशावर झाली, म्हणून हे नाव. पुढे १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळ पसरतो याचा चुंबकीय पुरावा मांडला तोही याच रिजवरच्या मोजणीवरून. तेव्हा तुमचा विषय लहान आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पट्ट्यांमध्ये जे खरं दिसतं ते काय असेल? हळू पसरणाऱ्या रिजवर कवच सगळीकडे सारखं बनत नाही. १९८८ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये आणि १९९० मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये दाखवलं गेलं की रिजच्या प्रत्येक खंडाच्या मध्याखाली विसंगतीचा गोल खड्डा पडतो, नेमबाजीच्या फळ्यावरच्या वर्तुळांसारखा. मॅग्मा खंडाच्या मध्यावर जास्त येतो, कवच तिथे जाड. टोकांना, भ्रंश छेदतात तिथे, पातळ. हळू पसरणाऱ्या रिजवर हा फरक ३० ते ५० मिलिगॅलपर्यंत जातो. पूर्व पॅसिफिकसारख्या वेगवान रिजवर तो फार तर दहा-पंधरा असतो, कारण तिथे मॅग्मा रिजच्या लांबीने पसरतो. तुमच्या पट्ट्यांत असे गोल खड्डे खंडांच्या मध्यावर बसत असतील तर ते खरे आहेत असं मी म्हणेन. खंडांशी काही संबंध न ठेवता कुठेही पडलेले असतील, तर तो गोंगाट.

इथे घनतेचा प्रश्न येतो, आणि उदाहरणानेच सोडवू. समजा एका ६० किमीच्या चढउतारात खंडाचा मध्य आणि टोक यांच्यात ३० मिलिगॅलचा फरक आहे. मोहोपर्यंत उतरवल्यावर तो ७७ होतो. कवच आणि मॅन्टल यांच्या घनतेतला फरक ०.५ धरला तर जाडीतला फरक निघतो ३.७ किमी. ०.६ धरला, म्हणजे कवच २.७, तर ३.१. ०.४ धरला तर ४.६. तुमच्या मार्गदर्शकांचं २.७ आणि पेपरातलं २.८ यांच्यात मॅन्टल ३.३ धरून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास फरक आहे. खोलीच्या चुकीपुढे आणि उष्णतेच्या गोंधळापुढे तो लहान आहे. शिवाय घनता बदलली तरी कुठलं कवच जाड आणि कुठलं पातळ हा क्रम बदलत नाही. तळाचा वरचा भाग भेगाळलेला बेसॉल्ट, खाली त्याच मॅग्माचा सावकाश थिजलेला गॅब्रो, म्हणून सरासरीला २.८ मला जवळचं वाटतं. पण दोन्ही घेऊन नकाशे शेजारी शेजारी लावा, परीक्षकाचं तोंड आपोआप बंद होईल.

ज्याची मला जास्त काळजी वाटते ते सर्पेंटाइन. खंडांच्या टोकांना भ्रंशांतून समुद्राचं पाणी खाली शिरतं आणि मॅन्टलच्या खडकाचं सर्पेंटाइन करतं. ३.३ घनतेचा पेरिडोटाइट, म्हणजे तोच मॅन्टलचा खडक, पूर्ण बदलला तर २.६ च्या आसपास येतो. गुरुत्वाला तो कवच वाटतो, भूकंपलहरींनाही बऱ्याच अंशी तसाच वाटतो. म्हणजे टोकांना तुम्ही ‘४ किमी कवच’ लिहाल, त्यातलं मॅग्मापासून बनलेलं कदाचित दोनच किलोमीटर असेल. अटलांटिकमधल्या अटलांटिस मासिफ या समुद्राखालच्या डोंगरावर गुरुत्व जास्त भरलं, त्यावरून आत जड खडक आहे हे ठरलं, आणि ताजा पेरिडोटाइट मिळेल या आशेने २००४-०५ मध्ये तिथे १,४१५ मीटर भोक पाडलं. निघाला जवळपास सगळा गॅब्रो. २०२३ मध्ये त्याच डोंगराच्या दक्षिण भागात १,२६८ मीटर खोदलं, तेव्हा बहुतांश मॅन्टलचाच बदललेला पेरिडोटाइट मिळाला. घुमटाच्या आकाराचा, रेघारेघांचा असा डोंगर तुमच्या मल्टीबीममध्ये खंडाच्या टोकाशी दिसला, तर तिथे जाडीचा आकडा लिहूच नका. ‘जड खडक वर आलेला’ एवढंच लिहा.

त्यामुळे प्रबंधात निरपेक्ष जाडी छापू नका. ६ किमी ही तुमचीच धारणा आहे. तिला खरा आधार हवा असेल तर तळावर भूकंपमापकं ठेवून केलेल्या लहरींच्या मोजणीशी कुठेतरी एका जागी तरी गाठ बांधावी लागते. ती नसेल तर नकाशाच्या पट्टीवर ‘सरासरीपेक्षा किती जाड, किती पातळ’ असे आकडे द्या, धन आणि ऋण. २ आणि १० आपोआप नाहीसे होतील आणि जे उरेल त्याचा बचाव करता येईल.

मल्टीबीमसाठी आधी जीएमआरटी हा जगभरच्या समुद्रतळाच्या मोजण्यांचा संग्रह बघा. त्यात फक्त प्रत्यक्ष मोजलेला भाग दाखवणारा, बाकी रिकामा ठेवलेला नमुना उतरवता येतो. तुमच्या चौकटीत किती भाग भरतो हे पाच मिनिटांत कळेल. तो कमी पडला तर दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या रिजवर मल्टीबीमचं काम झालेलं आहे. वास्कोचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रही हिंदी महासागरातल्या रिजवर काम करतं. समुद्रतळावरच्या सल्फाइड खनिजांच्या शोधाची काही आकडेवारी करारांमुळे बंद असते, ती मागत बसू नका. प्रकाशित पेपरांतल्या जाळ्यांबद्दल विभागाच्या पत्रावर रीतसर विचारा, सोबत चौकटीचे अक्षांश-रेखांश आणि तुम्हाला किती मीटरची जाळी चालेल ते लिहा. २०० मीटरची पुरेल. आणि पत्र पाठवण्याआधी टीआयडीचा तो नकाशा काढून जोडा, म्हणजे नेमका कुठला तुकडा हवा ते समोरच्याला विचारावं लागणार नाही.